अँडीजचा म्हातारा: गोठवणाऱ्या रात्री निवडुंग जगतो तरी कसा?

नर्सरीच्या शेवटच्या मांडवात, शोभेच्या निवडुंगांच्या रांगेत एक कुंडी होती. तिच्यात रोप असं काही दिसेना. दिसत होता तो पिंजलेल्या कापसाचा उभट गोळा. वाकून पाहिलं तर कापसातून पिवळट-तपकिरी काटे बाहेर डोकावत होते, आणि बोटाने केस जरा बाजूला सारल्यावर आत फासळ्या असलेलं हिरवं खोड होतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींनी नर्सरीवाल्याला विचारलं, "हे खरं आहे का हो, की वरून चिकटवलंय?" तो म्हणाला, "खरंच आहे आजी. ओल्ड मॅन म्हणतात याला. वाळवंटातला आहे, ऊन द्याल तेवढं कमीच."

केस खरेच होते. 'वाळवंटातला' हेही पूर्ण चूक नव्हतं. पण ते ऐकून आजींच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर जे जैसलमेर उभं राहिलं, त्याच्याशी या झाडाचा काही संबंध नाही. हा निवडुंग दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात तीन ते चार हजार मीटर उंचीवर वाढतो. तिथे हिवाळ्यात जवळजवळ रोज रात्री पाणी गोठतं. एवढ्या थंडीत पाण्याने भरलेलं खोड फुटत का नाही? आणि बर्फ सोसणारं हे झाड आपल्या गॅलरीत पहिल्याच पावसाळ्यात का कुजतं? हे दोन्ही प्रश्न एकाच धाग्याला बांधलेले आहेत.

आधी हा कोण, ते पाहू

त्याचं शास्त्रीय नाव ओरिओसेरिअस ट्रोली. ग्रीक भाषेत 'ओरोस' म्हणजे डोंगर, आणि 'सेरिअस' हा लॅटिन शब्द मेणबत्तीचा, म्हणून डोंगरातली मेणबत्ती. 'ट्रोली' कुठून आलं ते थोडं पुढे सांगते. दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना हा त्याचा मुलूख. उंचीला तो फार जात नाही, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. बुडापासून फुटवे येतात आणि लांबून पाहिलं तर खडकाळ उतारावर मेंढ्या बसल्यासारख्या वाटतात. त्याचा थोरला भाऊ ओरिओसेरिअस सेल्सिआनस माणसाहून उंच होतो, मात्र त्याचे केस विरळ असतात. दोघांनाही 'अँडीजचा म्हातारा' म्हणतात.

आपल्याकडच्या नर्सरीत 'ओल्ड मॅन' या एकाच नावाखाली आणखी एक निवडुंग विकला जातो. तो मेक्सिकोचा, पार वेगळ्या हवेतला. घेताना शास्त्रीय नाव विचारलेलं बरं, कारण थंडी-उन्हाचा हिशेब दोघांचा वेगळा आहे.

इथे आपल्या मराठी शब्दाचाही एक घोळ निस्तरायला हवा. शेताच्या बांधावरचा तिधारी निवडुंग किंवा कुंपणाचा शेर हे वनस्पतीशास्त्राच्या लेखी निवडुंग नाहीतच. ते एरंडाच्या कुळातले. फांदी मोडली की पांढरा चीक येतो तो त्यामुळे. खऱ्या निवडुंगाची खूण म्हणजे खोडावरची बारीक लवदार गादी. शास्त्रात तिला एरिओल म्हणतात. काटे, केस, फुलं सगळं त्या गादीतूनच फुटतं. ही गादी निवडुंगाच्या कुळाबाहेर कुठेच नाही. आपल्या माळावरचा फड्या निवडुंग मात्र खरा निवडुंग आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला, माणसाने इकडे आणलेला. सांगली-सोलापूरकडे आता बागा दिसतात ते ड्रॅगन फ्रूटही निवडुंगाच्याच कुळातलं.

वाळवंट म्हणजे ऊन नव्हे, वाळवंट म्हणजे कोरडेपणा

लेहला जाऊन आलेल्या माणसाला हे चटकन पटेल. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो, दोन दिवसांत नाकाचं साल निघतं, ओठ फुटतात, आणि सूर्य डोंगराआड गेला रे गेला की दात वाजायला लागतात. पाऊस जवळपास नाहीच. तेही वाळवंटच आहे, फक्त थंड.

आपल्या म्हाताऱ्याच्या मुलखात, अर्जेंटिना-बोलिव्हियाच्या सीमेवर ला कियाका नावाचं गाव आहे. उंची साधारण ३,४४० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी वर दीडशे मीटर उरतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे जुलैत हिवाळा असतो. त्या महिन्यात दुपारी पारा पंधरा अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे शून्याच्या सहा-सात अंश खाली उतरतो. वर्षभरात पाऊस पडतो तीन-साडेतीनशे मिलीमीटर. मुंबईत मुसळधार पावसाच्या एका दिवसात कधी कधी एवढा पडून जातो. तोही जवळपास सगळा त्यांच्या उन्हाळ्यात, डिसेंबर ते मार्चमध्ये. हिवाळा कोरडा ठणठणीत. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. विरळ, कोरडी हवा दिवसा ऊन अडवत नाही आणि रात्री ऊब धरून ठेवत नाही. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. म्हणजे झाडाला दुपारी भाजणं आणि पहाटे गोठणं, दोन्ही एकाच दिवसात.

उष्ण कटिबंधातल्या उंच पर्वतांचं हे वैशिष्ट्य कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने बारकाईने मांडलं. १९२०च्या दशकाच्या शेवटी तो अँडीजमध्ये हिंडला होता. युरोपात उन्हाळा आणि हिवाळा यांतला फरक मोठा असतो. इथे दिवस आणि रात्र यांतला फरक ऋतूंमधल्या फरकाहून मोठा. आपल्या लोकरी निवडुंगाला ट्रोलचंच नाव दिलेलं आहे. ज्याने ही हवा समजावून दिली, त्याचं नाव तिथे तग धरणाऱ्या झाडाला मिळालं, याचा मला फार आनंद वाटतो.

दिवसा दारं बंद, रात्री उघडी

झाडाला अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायला पानावर सूक्ष्म छिद्रं असतात. पण छिद्र उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. आंब्या-जांभळाला हा तोटा परवडतो. कोरड्या डोंगरावर परवडत नाही.

निवडुंग यावर असा तोडगा काढतो: छिद्रं दिवसा बंद ठेवायची आणि रात्री, हवा गार असताना उघडायची. आत आलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवायचा आणि उजाडलं की दारं लावून सूर्यप्रकाशात त्याची साखर करायची. रात्री भाजी निवडून, चिरून डब्यात भरून ठेवावी आणि सकाळी फक्त फोडणीला टाकावी, तसं. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कॅम' म्हणतात. ढोबळमानाने, तेवढाच कार्बन मिळवायला कॅम पद्धतीच्या झाडाला साध्या झाडाच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शाएवढंच पाणी खर्चावं लागतं.

या पद्धतीचा एक सुरुवातीचा सुगावा लागला तो भारतात, आपल्या पानफुटीवर. बेंजामिन हेन हा वनस्पती अभ्यासक दक्षिण भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याच्या लक्षात आलं की पानफुटीचं पान सकाळी चुक्यासारखं आंबट लागतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळी किंचित कडवट. हे त्याने पत्रातून लंडनच्या लिनिअन सोसायटीला कळवलं आणि १८१५ च्या सुमारास ते छापून आलं. रात्रभर साठलेलं आम्ल सकाळी जिभेला लागत होतं आणि दिवसभरात वापरून संपत होतं, हा उलगडा व्हायला पुढे शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. घरोघरच्या कुंडीतलं झाड, आणि एका माणसाने ते दिवसातून तीनदा चाखून पाहिलं! (तुम्ही मात्र चाखू नका. पानफुटीत हृदयाला अपाय करणारी द्रव्यं असतात.)

मग एवढे केस कशासाठी?

हे केस म्हणजे बदललेले काटेच. त्याच गादीतून ताठ काटेही येतात आणि मऊ केसही. निवडुंगाचे काटे हीच मुळात पानांची बदललेली रूपं, त्यामुळे हा म्हातारा पानं पिंजून पांघरून बसलाय म्हणा ना.

थंडीच्या दिवसांत गच्चीवर झोपून पाहिलंय? आभाळ निरभ्र असेल तर पांघरुणावर पहाटे दव साचतं आणि अंग गारठतं. त्याच गच्चीवर मांडवाखाली झोपलेल्या माणसाला तेवढी थंडी वाजत नाही. हवा दोघांना सारखीच. फरक एवढाच की उघड्यावरच्या माणसाची ऊब थेट आभाळात निघून जाते. अँडीजच्या कोरड्या आभाळाखाली हा प्रकार फार तीव्र असतो, इतका की उघड्या पृष्ठभागाचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षाही खाली उतरतं. केस हा झाडाचा मांडव. थंड आभाळासमोर उघडे पडतात ते केस, खोड नाही.

शिवाय केसांमध्ये हवा अडकून राहते, आणि स्थिर हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. नवी पिंजलेली गादी उबदार असते आणि दबून चपाती झालेली गार पडते, याचं कारण हेच.

सगळ्यात दाट केस शेंड्यावर असतात. निवडुंगाची वाढ शेंड्यातल्या मूठभर कोवळ्या पेशींतून होते. त्या गोठल्या तर त्या खोडाची वाढ तिथेच थांबते. पार्क नोबेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने निवडुंगांच्या शेंड्यांची तापमानं वर्षानुवर्षं मोजली. शेंड्यावरचे काटे, लव आणि खोडाची जाडी यांमुळे शेंड्याचं पहाटेचं तापमान काही अंशांनी वर राहतं, असं त्याला आढळलं. शून्याच्या आसपास जगणाऱ्या झाडाला ते काही अंश म्हणजे सगळं काही.

दुपारी तेच केस छत्री होतात. पांढरा रंग ऊन परतवतो, अतिनील किरणही अडतात. भर उन्हात शेतकरी डोक्याला पांढरं मुंडासं बांधतो, त्यात आणि यात फरक नाही.

पण ऊन अडवलं तर अन्न कसं तयार होणार?

ही शंका अगदी रास्त आहे. केसांमुळे खोडापर्यंत कमी प्रकाश पोचतो आणि झाडाला याची किंमत मोजावी लागते: वाढ अतिशय संथ. टिकून राहण्यासाठी त्याने वेग सोडून दिला आहे. डोंगरावरच्या बहुतेक निवडुंगांची गोष्ट अशीच. त्याच भागातला कार्डोन नावाचा प्रचंड निवडुंग वर्षाला जेमतेम बोटाच्या पेरभर वाढतो, तरी शतकं उलटता उलटता कित्येक मीटर उंच होतो. झाडांची वानवा असलेल्या त्या मुलखात चर्चची दारं आणि छतं कार्डोनच्या जाळीदार लाकडाची केलेली आढळतात.

खोडातलं पाणी गोठत का नाही?

यासाठी पॉटचं आइस्क्रीम आठवा. लाकडी बादलीत बर्फ भरून वर खडेमीठ टाकायचे. मिठाचं पाणी शून्याखाली जाऊनही पातळच राहायचं, म्हणून आतलं दूध गोठायचं. पाण्यात काही विरघळलं की ते गोठायला जास्त थंडी लागते. निवडुंग हेच करतो, फक्त मिठाऐवजी साखर वापरतो.

हिवाळ्यात पाऊस नसतो, म्हणून खोड हळूहळू सुकतं, आक्रसतं, फासळ्या वर येतात. नवख्याला वाटतं झाड मेलं. खरं तर पेशींतलं पाणी कमी झालंय आणि साखरेसारख्या द्रव्यांचं प्रमाण वाढलंय. त्यामुळे आतला रस सहज गोठत नाही. जोडीला कोरफडीच्या गरासारखा चिकट द्रव असतो, तो पाणी धरून ठेवतो. फारच गारठा पडला तर बर्फाचे कण आधी पेशींच्या बाहेरच्या फटींत धरतात, आत नाही. पेशीच्या आत बर्फ झाला की तिचं आवरण फाटतं आणि ती मरते.

आता मघाचा मुद्दा आठवा: तिथला हिवाळा कोरडा असतो. म्हणूनच झाडाला थंडीआधी सुकायची सवड मिळते. हेच झाड थंडीच्या तोंडावर भरपूर पाणी पिऊन टम्म फुगलेलं असेल, तर ते कमी गारठ्यातही दगावतं. त्याला थंडी मारत नाही, ओल मारते.

लाल फुलं आणि एक मोठा पाहुणा

या दोन्ही म्हाताऱ्यांना नळीसारखी, गुलाबी-लाल फुलं येतात. पांढऱ्या लोकरीतून ती वर आलेली फार देखणी दिसतात. परागीभवनाचं काम हमिंगबर्ड करतात. सेल्सिआनसच्या फुलांवर येणारा महाकाय हमिंगबर्ड त्या कुळातला सगळ्यात मोठा पक्षी, लांबी २० सेंटिमीटरहून थोडी जास्त. थंड सकाळी माश्या-भुंग्यांचे पंख आखडलेले असतात, तेव्हा उबदार रक्ताचा पक्षी कामाला येतो.

जग तापतंय, तर थंडीतल्या झाडाला बरंच की?

मलाही आधी असंच वाटायचं. पण २०२२ मध्ये एका संशोधक गटाने चारशेहून अधिक निवडुंग जातींचा पुढचा अंदाज बांधला, तेव्हा निम्म्याहून अधिक, ६० टक्के जातींना हवामानबदलाचा फटका बसेल असं दिसलं. 'वाळवंटी झाडाला उष्म्याचं काय' हा समज त्यामुळे कोलमडला.

कारण आपण वर पाहिलंच. ही झाडं उष्म्याशी नव्हे, एका ठरावीक वेळापत्रकाशी जुळलेली आहेत: कधी पाऊस, कधी कोरडं, रात्र किती गार. कॅम पद्धतीच्या झाडाला रात्र गार हवी असते. ती उबदार झाली की दारं उघडल्यावर पाणी जास्त जातं. पावसाचे महिने सरकले तर हिवाळ्याआधी सुकण्याची सवड जाते. शिवाय डोंगर वर निमुळता होत जातो. खालून वर सरकायचं म्हटलं तरी वर जागा कमी, आणि ज्या झाडाला वाढायलाच दशकं लागतात, ते किती भरभर सरकणार?

त्याआधी, २०१५ मध्ये, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या पाहणीत १,४७८ निवडुंग जाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या ३१ टक्के धोक्यात आढळल्या. कारणांमध्ये शेती आणि चराईच्या जोडीला एक कारण आपल्याशी थेट भिडणारं होतं: शोभेसाठी जंगलातून झाडं उपटणं.

आमच्या गॅलरीत तो का मरतो?

आता तुम्हीच सांगू शकाल. जूनमध्ये आपल्याकडे हवा दमट होते, केस भिजतात आणि भिजलेली गोधडी जशी अंगाला चिकटते तसे खोडाला चिकटतात. आतली ओल दिवसचे दिवस सुकत नाही. बुरशी धरते आणि खोड बुडातून मऊ पडतं. रात्रीही गारवा नसतो, त्यामुळे झाडाचं रात्रीचं कामही नीट चालत नाही. कोकणात आणि मुंबईत तो जगवणं म्हणून फार अवघड. पुणे, नाशिक, सातारा इकडे थोडी आशा असते.

ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी पावसाळाभर त्याला पारदर्शक पत्र्याखाली, पण वाऱ्यावर ठेवावं. मातीत निम्म्याहून अधिक बारीक मुरूम किंवा जाड वाळू असावी. पाणी घालताना ते केसांवर नको, मातीत घाला, आणि दिवाळीनंतर जवळपास बंद करा.

आणि महिन्यातून एकदा केस बाजूला करून आत पाहा. पिठ्या ढेकूण ही कीड पांढरी, केसही पांढरे. दिसतच नाही. माझ्या रोपाच्या शेंड्याजवळ एक केस इतरांपेक्षा जरा चिकट लागला, म्हणून भिंग घेऊन पाहिलं तर लोकरीच्या आत अख्खी वसाहत होती. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपायला दोन संध्याकाळी गेल्या.

घ्यावा की घेऊ नये?

बियांपासून वाढवलेलं रोप घ्यायला काहीच हरकत नाही. उलट अशी रोपं मुबलक मिळाली तर डोंगरावरची उपटायचं कारण कमी होतं. प्रश्न जंगलातून काढलेल्या झाडांचा आहे. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी एका संग्राहकाकडून हजाराहून जास्त निवडुंग पकडले. ते चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरून आणलेले होते. पुढच्या वर्षी त्यांतले शेकडो परत चिलीला पाठवले गेले. जवळपास सगळं निवडुंग कुळ 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं, म्हणून सीमेपार नेताना परवाना लागतो. भारतही या करारात आहे.

पण ओळखायचं कसं? बियांचं रोप सारखं, गुळगुळीत, नितळ असतं आणि बहुतेक वेळा हाताच्या पंजाएवढंच. डोंगरावरून आलेल्या झाडाचं बूड लाकडासारखं करडं पडलेलं असतं, एका बाजूचे काटे उन्हा-वाऱ्याने झिजलेले, मुळं तोडल्याच्या जुन्या खुणा, कधी खोडावर जनावराने घासल्याचा व्रण. कोणी फूट-दीड फूट उंचीचं असं झाड स्वस्तात देऊ करत असेल, तर ते किती वर्षांचं आहे आणि कुठे वाढलं, एवढं विचारा. त्या नर्सरीतल्या आजींनी हाताच्या अंगठ्याएवढं रोप घेतलं. जाताना त्यांनी नर्सरीवाल्याला विचारलं, "याला स्वेटर आहेच, पण छत्री कुठली घेऊ?" मी त्यांना पत्र्याचं दुकान दाखवलं.